बावन्नावा दिवस

"कुत्रं कुठल्या अंगाला गेलं ते बघा आधी," पप्पा फाटकातूनच ओरडले. मग ओट्यावर बसले आणि धोतराचा सोगा वर करून त्यांनी उजवी पोटरी पाहिली. दातांच्या चार खुणा होत्या. रक्त फार नव्हतं.

त्यांच्या मागे एक धनगरीण उभी होती. एका हातानं तान्ही पोर छातीशी धरलेली, दुसऱ्या हातानं पदर गालावर दाबलेला. तिनं पदर काढला तेव्हा मला मान फिरवावी लागली.

"ओढ्यापाशी हिच्यावर धावून आलं," पप्पा म्हणाले. "मी छत्रीनं हाणलं, तर माझ्याकडं वळलं. जाता जाता पाटलांच्या म्हशीलाही चावलंय. सलोमी, साबण आण. आणि पाणी, भरपूर."

त्यांनी आधी तिचा गाल धुतला. मग आपली पोटरी.

ठकू तिचं नाव. त्यांची मेंढरं त्या दिवसांत बोरखडीच्या शिवारात बसली होती. "सासू म्हणती, सात हिरीत तोंड बघितलं की ईख उतरतं," ती म्हणाली.

"विहिरी नंतर बघू, बाई. आधी दवाखाना."

सदुसष्ट साल, सोळा नोव्हेंबर. तारीख मी विसरू शकत नाही, कारण त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले. मी वीस वर्षांची होते, मिशनच्या शाळेत दुसरीला शिकवायचे. पप्पा, म्हणजे रेव्हरंड शांतवन पाथरे, बोरखडी आणि भोवतालच्या चार वाड्यांच्या मंडळीचे पाळक होते. आई दोन वर्षांपूर्वी टायफॉइडनं गेली होती. तिच्या उशाशी सगळी मंडळी तीन दिवस गुडघे टेकून बसली होती, तरी ती गेली. तेव्हापासून मी देवळात बसायचे, पण ओठ मिटून. पप्पांना ते दिसत होतं. ते कधी काही बोलले नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस रोज एक, अशी पोटात इंजेक्शनं द्यायचे. पप्पा रोज सकाळच्या गाडीनं ठकूला घेऊन जात आणि दुपारी परतत. मी विचारायचे, "फार दुखतं का?" ते म्हणायचे, "बाई सोसते गं." मला वाटायचं, आपलं दुखणं सांगायची त्यांना सवय नाही. चौदाव्या दिवशी ते म्हणाले, "झाली एकदाची चौदाच्या चौदा." मी त्या दिवशी शिरा केला.

विसाव्या दिवशी मी शाळेच्या पाट्या आणायला तालुक्याला गेले. दवाखान्याच्या दारात तांबोळी कंपाउंडर भेटले.

"पाळकसाहेबांसारखा माणूस नाही," ते म्हणाले. "रोज त्या धनगरणीला घेऊन यायचे. नाहीतर ती माणसं दोन दिवसांत पसार झाली असती."

"त्यांचीही झाली ना बरोबरच?"

"काय?"

"इंजेक्शनं."

तांबोळींनी हातातली बाटली खाली ठेवली. "तुम्हाला बोलले नाहीत? लस एकाच माणसापुरती होती. जिल्ह्यालाही नव्हती. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आधी. तर म्हणाले, तिला द्या." मग घाईघाईनं ते म्हणाले, "काल आलाय नवा माल. त्यांना उद्याच्या उद्या पाठवा. उशीर झालाय, पण पाठवा."

मी तशीच घरी आले. पप्पा परसात लाकडं फोडत होते.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

त्यांनी कुऱ्हाड टेकवली. कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

"खोटं नाही बोललो. झाली म्हणालो. कुणाची, ते तू विचारलं नाहीस."

"पप्पा!"

"तिच्या गालावर दात लागलेत, सलोमी. माझ्या पोटरीवर. गालावरून डोक्यात जायला वेळ लागत नाही, डॉक्टरच म्हणाले. आणि अंगावर पिणारी पोर आहे तिला."

"आणि मला कोण आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः त्यांच्याबरोबर जायला लागले. सुई जाताना मी समोर उभी राहून बघायचे. शेवटच्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लस वेळेत गेली तर खात्रीनं बोलता येतं. ही वेळेत गेलेली नाही. नव्वद दिवस जाऊ द्या. बहुतेकांचं तेवढ्यात कळतं."

"आणि लागण झालीच तर?"

"पाणी घशाखाली उतरेनासं होतं. वारा सोसत नाही. मग तीन-चार दिवस." "सुरू झाल्यावर औषध नाही, बाई."

त्याच आठवड्यात पाटलांची म्हैस बिघडली. आधी तिनं वैरण सोडली. मग हंबरायला लागली, आणि ते हंबरणं म्हशीचं वाटत नव्हतं. पाटलांनी तिला बाभळीला साखळीनं बांधली. तोंडाला फेस, डोळे तांबडे. पाण्याची बादली नुसती दिसली तरी ती साखळीला हिसके देऊन मान रक्तबंबाळ करायची. अर्धं गाव बघायला गेलं. पप्पाही गेले. लोकांनी त्यांना वाट करून दिली, जरा जास्तच मोठी. ते काठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. कुत्रं पिसाळलेलं होतं का, हा प्रश्न संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर देवळाच्या मागून ठोकण्याचा आवाज येत होता. देवळाला लागून मागं एक छोटी खोली होती, तिचं दार देवळातच उघडायचं. तिथं पप्पांचा झगा, हजेरीची वही, प्रभुभोजनाची भांडी असत. खिडकी नव्हती, वर एक झरोका तेवढा. पप्पा त्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी लोखंडी कडी बसवत होते.

"बाहेरून कशाला?" मी विचारलं.

"आतून आहेच की."

त्यांनी कडी लावून पाहिली, ओढून पाहिली. मग खांद्यानं दाराला दोन-तीन जोरदार धक्के दिले. दार हललं नाही. त्यांनी हात झटकले. "आजपासून मी इथंच झोपेन," ते म्हणाले.

नाताळला आमच्याकडं फराळाला कुणी आलं नाही. देवळात सगळे आले, गाणी झाली, पण बाहेर पडताना लोक पप्पांशी हात न मिळवता लांबूनच सलाम करत होते. मी केलेल्या करंज्या डब्यातच राहिल्या. बायका पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. मला कुणाचा राग आला नाही. मीही रोज सकाळी चहा त्यांच्यापुढं ठेवून, काही काम असल्यासारखी तिथंच रेंगाळायचे आणि त्यांच्या गळ्याकडं बघायचे. घोट खाली गेला की चुलीकडं वळायचे.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. आदल्या गुरुवारी यहोशवा ओहोळ आले. मंडळीतले सगळ्यांत जुने पंच. सगळे त्यांना यशवाबा म्हणत. ते ओट्यावर टेकले आणि बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले.

"पाळकसाहेब, लोक काय काय बोलत्यात."

"बोला ना, यशवाबा."

"चारी वाड्यांची माणसं येणार. समद्यांच्या तोंडाला त्योच प्याला. आन् पहिला तुमी घेता." त्यांनी मान वर केली नाही. "पुढच्या महिन्यात ठेवलं तर?"

"पुढच्या महिन्यात मी असेन का, यशवाबा?"

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली.

"मी शेवटी घेईन," पप्पा म्हणाले. "सगळ्यांचं झाल्यावर. उरलेला सगळा मीच पिईन. मग तर भीती नाही?"

यशवाबांचे डोळे भरले. "भीती तुमच्यापायी हाय, साहेब, प्याल्यापायी नाय," ते म्हणाले. पण ते अर्धंच खरं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

रविवार सात जानेवारी. बावन्नावा दिवस.

सकाळी चहा घेऊन गेले तर पप्पा खाटेवर बसले होते. झरोक्याला त्यांनी घोंगडी ठोकली होती.

"गार वारा येत होता," ते म्हणाले.

मी कप पुढं केला. त्यांनी तोंड फिरवलं. जरासंच, पण फिरवलं.

"नंतर घेतो."

"आत्ता घ्या."

"सलोमी, नंतर."

"पप्पा, मी बघतेय. आत्ता घ्या."

त्यांनी कप ओठांना लावला. गळा एकदम आवळल्यासारखा वर उडाला आणि चहा झग्यावर झाकलेल्या पांढऱ्या कापडावर सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. पुष्कळ वेळ आम्ही दोघं त्या डागाकडं बघत होतो.

"कालपासून," ते म्हणाले. "दुपारी पाणी प्यायला गेलो, तर नाही उतरलं. थेंबसुद्धा नाही."

"मी पाटलांकडं जीप मागते."

"दवाखान्यात काय करतील? तुला डॉक्टरांनी सांगितलंय, मलाही सांगितलंय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात गणित समजावून सांगावं तसा. "नीट ऐक. वाड्यांवरची माणसं पहाटेची निघालीत. मी उपासना घेणार. शेवटी प्याला घ्यायला जमलं, तर जमलं. नाही जमलं, तर मी सरळ या खोलीत येईन. तू कडी घालायची. आणि मी आतून काहीही म्हणालो, तुझ्या आईचं नाव घेतलं, रडलो, तरी उघडायची नाही. शब्द दे."

"प्रार्थना करा ना," मी म्हणाले. आणि काय बोलावं सुचत नव्हतं. माझ्या तोंडून ते शब्द दोन वर्षांनी निघाले होते, आणि तेही टोचून बोलल्यासारखे.

"जमत नाही गं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तीन आठवडे झाले. म्हैस पाहिल्यापासून. गुडघे टेकतो, डोळे मिटतो, समोर ती साखळीच येते. रविवारी उभा राहतो, ओठ हलवतो. लोकांना वाटतं पाळक प्रार्थना करतोय. आत काही नसतं." मग पुन्हा म्हणाले, "शब्द दे."

मी दिला.

देऊळ भरलं होतं. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, दाराशी पोरं. मी पहिल्या रांगेत, त्या खोलीच्या दाराजवळ बसले. पप्पांनी संदेश थोडक्यात आटोपला. काय बोलले ते मला सांगता यायचं नाही. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते, ते कोरडे पडून चिरले होते. मग त्यांनी भाकर मोडली, प्याला उचलला आणि लोक रांगेनं पुढं येऊ लागले. ते एकेकाला नाव घेऊन प्याला देत होते. हात स्थिर होता. यशवाबा आले, राहेलबाई आली, वाड्यांवरची माणसं आली. मी आले. प्याल्याच्या कडेवरून मला त्यांची बोटं दिसली. नखं पांढरी पडली होती.

सगळ्यांचं झालं. लोक जागेवर जाऊन बसले. पप्पा मेजाकडं वळले, लोकांकडं पाठ करून. नेहमी अशा वेळी कुणीतरी गाणं सुरू करी. कुणी केलं नाही.

त्यांनी प्याला वर नेला. तो ओठांपर्यंत गेला नाही. द्राक्षरस काठावरून मनगटावर आला. मला त्यांचा गळा बाजूनं दिसत होता. तो उडत होता. त्यांनी प्याला मेजावर ठेवला. धातूचा आवाज झाला आणि मागं कुणीतरी "देवा" म्हणालं. एका बाईनं आपलं पोर उचलून दाराकडं धाव घेतली. पुरुषांच्या बाजूला दोघं-तिघं उठून उभे राहिले.

पप्पांनी दुसऱ्यांदा उचलला. पुन्हा खाली ठेवला. मग त्यांनी मान वळवून खोलीच्या दाराकडं पाहिलं, आणि नंतर माझ्याकडं.

मी उठले. सगळ्यांना वाटलं मी दार उघडायला उठले. मलाही तेच वाटलं होतं. दारापर्यंत गेलेही, कडीला हात लावला. लोखंड इतकं गार होतं की मी हात मागं घेतला. मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी दार मागं टाकून पुढं गेले आणि मेजापाशी पप्पांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या काळी बाईमाणसानं तिथं उभं राहायची रीत नव्हती.

"कडी," ते पुटपुटले.

"घालते. आधी एवढं होऊ द्या."

मी प्याल्यावरचा त्यांचा हात धरला. मला प्रार्थना म्हणायची होती, पण दोन वर्षांत सगळं गंजून गेलं होतं. सुचली ती आईची. ती आम्हाला जेवायला वाढून झालं की म्हणायची, तिची स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नव्हे. मी मोठ्यानं म्हणाले, "देवा, वाढलंस तू. हात धुऊन बसलोय आम्ही. आता तूही बस आमच्याजवळ."

माझा आवाज फाटला होता. मग मागून यशवाबांचा घोगरा आवाज आला, "आमेन." मग राहेलबाईचा. मग एकेक करून, मागंपुढं, सगळ्या देवळातून. जी बाई पोर घेऊन दारात गेली होती, तिचाही मला दारातून ऐकू आला.

पप्पांनी डोळे मिटले आणि प्याला तोंडाला लावला.

पहिला घोट बाहेर आला. झग्यावर तांबडा ओघळ उतरला, ते खोकले, वाकले. मी हात सोडला नाही. त्यांनी पुन्हा लावला. गळा वर गेला, थांबला, आणि खाली आला. मग आणखी एकदा खाली आला. ते पीत होते. लहान मूल पितं तसे, आवाज करत, श्वास न घेता. प्याला रिकामा झाला तरी तो त्यांनी ओठांवरून काढला नाही.

आशीर्वाद देताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. बाहेर पायरीवर ते मटकन बसले. लोक लांब घोळका करून उभे होते. यशवाबा तांब्या घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, ओंजळ करा." पप्पांनी ओंजळ केली. म्हाताऱ्यानं अगदी जवळ वाकून पाणी ओतलं, आणि पप्पा अख्खा तांब्या प्यायले.

"भीतीनंच घसा धरला होता," लोक पांगल्यावर ते म्हणाले. "दुसरं काही नाही. भीती इतकं करू शकते, हे मला माहीत नव्हतं."

"मग आता नाही ना काही?"

"आज नाही." त्यांनी तोंड पुसलं. "अजून अडतीस दिवस आहेत, पोरी."

ते अडतीस दिवस आधीच्या बावन्नांपेक्षा सोपे नव्हते. पप्पा त्याच खोलीत झोपत. संध्याकाळी मी तिथं दोन ओळींची प्रार्थना करायचे, ते आमेन म्हणायचे. स्वतः करत नव्हते. मग मी बाहेरून कडी घालायचे. सकाळी कडी काढण्याआधी दाराला कान लावायचे आणि हाक मारायचे, "पप्पा?" आतून आवाज यायचा, "आहे." मग मी चहा आत न्यायचे.

त्र्याऐंशीव्या दिवशी सकाळी मी हाक मारली आणि आतून उत्तर आलं नाही.

पुन्हा मारली. नाही. कान लावला तर आत काहीतरी चालू होतं. खालच्या पट्टीतलं, न थांबणारं, घुमल्यासारखं. शब्द कळत नव्हते. मला बाभळीखालची म्हैस आठवली. चहाचा कप मी जमिनीवर ठेवला. मी शब्द दिला होता. पाटलांना बोलवावं की यशवाबांना, की इथंच उभं राहावं आणि तीन दिवस ऐकावं? किती वेळ गेला कोण जाणे. मग मी शब्द मोडला. कडी काढली आणि दार ढकललं.

पप्पा माझ्याकडं पाठ करून गुडघ्यांवर बसले होते. झरोक्यावरची घोंगडी काढलेली होती, वारा सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांना माझी चाहूल लागली नव्हती. ते मंडळीतल्या माणसांची नावं घेत होते, एकेका घरातली, आणि प्रत्येकासाठी देवाकडं काहीतरी मागत होते. कुणाचा खोकला, कुणाची परीक्षा, कुणाचं न जमणारं लग्न.

पुढं सात दिवसांनी नव्वद पुरे झाले, आणि त्यानंतर पप्पा एकोणीस वर्षं जगले. डॉक्टर म्हणाले, धोतराच्या घड्यांनी कुत्र्याची लाळ पुसून घेतली असेल, किंवा उशिराच्या सुया लागू पडल्या असतील. पप्पांनी त्याला कधी चमत्कार म्हटलं नाही आणि दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नाही. ठकूही जगली, दोन वर्षांनी तिची मेंढरं पुन्हा शिवारात बसली, तेव्हा ती पोरीला चालवत घेऊन भेटायला आली होती.

पण त्या सकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. सात दिवस उरले होते आणि त्या सात दिवसांत काहीही होऊ शकत होतं. पप्पा अजून यशवाबांच्या, ओहोळांच्या घरातल्या नावांवरच होते. त्यांच्या सुना, नातवंडं. आमचं घर यादीत शेवटी यायचं. मी कप उचलून उंबऱ्यावर बसले आणि माझं नाव यायची वाट बघत राहिले.